कारपूल लेनमध्ये मागची गाडी चिकटते तेव्हा

‘मागचा फार चिकटला तर बाजूला व्हा, जाऊ द्या त्याला’ हा सल्ला सगळेच देतात. फ्रीवेच्या बाकीच्या लेनमध्ये तो बरोबरही आहे. कारपूल लेनमध्ये, म्हणजे एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये, मात्र तो जसाच्या तसा पाळायला गेलात तर गोत्यात याल. सकाळी साडेआठची वेळ, ८८० किंवा १०१ नंबरचा फ्रीवे. डावीकडे काँक्रीटची भिंत, उजवीकडे ताशी २०-२५ मैलांनी सरपटणाऱ्या गाड्या, तुम्ही ६५ वर आणि आरशात एका पिकअपचं नुसतं ग्रिल. आता बाजूला व्हायचं कुठे?

हा लेख कॅलिफोर्नियात, त्यातही सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात, रोज फ्रीवेने ऑफिसला जाणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्यांना तो जास्त उपयोगी पडेल. मागून डिपर आला की डावीकडे सरकायचं, ही एक्सप्रेसवेवर अंगवळणी पडलेली सवय इथे दोनदा फसवते. एक तर बाजू उलटी आहे, आणि दुसरं म्हणजे शेजारची लेन जवळजवळ थांबलेली असते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मागच्या गाडीचा बंदोबस्त मागे बघत बसून होत नाही. तुम्ही पुढे किती अंतर ठेवलंय आणि उजवीकडे कुठे निघायचं हे किती आधी हेरून ठेवलंय, यावर तो होतो. खालचं सगळं त्याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

## इथेच जास्त का चिकटतात

कारपूल लेनला लोक सर्रास ‘फास्ट लेन’ म्हणतात. ती तशी नाही. १९६९ मध्ये व्हर्जिनियातल्या शर्ली हायवेवर बससाठी वेगळी लेन काढली गेली आणि १९७३ पासून चार माणसं बसलेल्या मोटारींनाही तिथे प्रवेश मिळाला. तेव्हापासून हेतू एकच आहे: कमी गाड्यांतून जास्त माणसं न्यायची. वेगमर्यादा शेजारच्या लेनइतकीच असते, बहुतेक ठिकाणी ६५ मैल.

अडचण अशी की ही लेन बहुतेक ठिकाणी एकटी असते. पुढच्याला ओलांडायला जागाच नाही, म्हणून अख्ख्या रांगेचा वेग तिच्यातली सगळ्यात सावकाश गाडी ठरवते. ज्याला ८० ने जायचंय तो ६५ वाल्याच्या मागे अडकतो आणि मग चिडून बंपरला नाक लावतो. एक्सप्रेस लेन (टोल भरून एकट्यालाही वापरता येणाऱ्या कारपूल लेन) आल्यापासून त्यात आणखी एका समजुतीची भर पडली आहे: टोल भरला म्हणजे वेग विकत घेतला. हिशेब करून बघा. दहा मैल ६५ ने जायला सव्वानऊ मिनिटं लागतात, ७५ ने आठ. एवढी सगळी धुसफूस सव्वा मिनिटासाठी चालते.

## लेनमध्ये शिरण्याआधी रेषा वाचा

मागचा चिकटल्यावर निघायचं कसं, हे बरंचसं रस्त्यावरच्या रेषांवर अवलंबून असतं. म्हणून ते आधीच माहीत हवं.

उत्तर कॅलिफोर्नियात साधारणपणे तुटक पांढरी रेषा असते आणि तुम्ही कुठूनही आत-बाहेर करू शकता. इथली कारपूल लेन आठवड्याच्या कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळेपुरतीच लागू असते. नेमके तास बोर्डावर लिहिलेले असतात आणि ते रस्त्यागणिक बदलतात. त्या वेळेबाहेर ती सगळ्यांसाठी साधी डावी लेन असते. दक्षिणेत, लॉस एंजेलिसच्या बाजूला, बहुतेक कारपूल लेन चोवीस तास लागू असतात आणि दुहेरी सलग रेषेने वेगळ्या केलेल्या असतात. ती दुहेरी रेषा ओलांडायला व्हेइकल कोडच्या (कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याच्या) कलम २१६५५.८ नुसार मनाई आहे. मागचा कितीही चिकटला तरी रेषा तुटक होईपर्यंत तुम्ही आतच राहायचं. लॉस एंजेलिसला वीकेंडला जाणाऱ्या बे एरियावाल्यांचा इथेच घोळ होतो.

८८० आणि सॅन मटेओ काउंटीतला १०१ इथे आता एक्सप्रेस लेन आहेत. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ५ ते रात्री ८ टोल लागतो. गाडीत तीन माणसं असतील तर फुकट, दोन असतील तर अर्धा टोल, आणि त्यासाठी फास्टट्रॅक फ्लेक्सच्या (गाडीत लावायच्या टोलच्या) टॅगवरचं बटण बरोबर आकड्यावर सरकवलेलं हवं. लहान मूल माणूस म्हणून धरलं जातं, कुत्रा नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या क्लीन एअर स्टिकरवर एकट्याने जाण्याची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली आहे. जुनं स्टिकर अजून बंपरवर आहे म्हणून आत शिरू नका, कमीत कमी दंड ४९० डॉलर आहे. हे सांगण्याचं कारण असं की आपण या लेनमध्ये हक्काने आहोत की नाही याचीच धाकधूक असेल, तर मागचा चिकटल्यावर हातून काहीतरी घाईत होतं.

## पहिली नजर पुढे

आरसा भरून गेला की पहिल्यांदा पुढे बघा. पुढे काय दिसतं त्यावर पुढची पायरी ठरते.

तुमच्यापुढे अर्धा मैल रस्ता मोकळा आहे, मागे आठ-दहा गाड्यांची रांग लागली आहे आणि तुम्ही ५८ ने चालला आहात? मग अडथळा तुम्ही आहात, उगाच रागावू नका. मागच्याचं चिकटणं कलम २१७०३ मध्ये गुन्हा आहेच. पण वाहतुकीच्या नेहमीच्या वेगापेक्षा सावकाश चालणाऱ्याने उजवीकडे राहावं, असं कलम २१६५४ सांगतं. कारपूल लेनमध्ये दोन माणसं बसवली म्हणून ते कलम गळून पडत नाही. अशा वेळी मर्यादेपर्यंत वेग वाढवा किंवा सोयीची जागा बघून बाहेर पडा. मर्यादेच्या वर मात्र जायचं नाही. मागच्याच्या घाईखातर तुम्ही ८० ने गेलात तर पोलिसांची पावती तुमच्याच नावाने फाटेल.

पुढेही गाड्यांची रांग आहे आणि सगळे एकाच वेगाने चाललेत? मग तुम्ही बाजूला होऊनही मागच्याचा फायदा एका गाडीपुरता. अशा वेळी बाहेर पडायची कसलीही घाई नाही. पुढच्या भागातल्या गोष्टी करा आणि लेनमध्येच राहा.

तिसरी परिस्थिती सगळ्यात नाजूक. पुढे मोकळं आहे, पण शेजारची लेन ठप्प आहे, म्हणून तुम्ही मुद्दाम ५० वर आला आहात. हे बरोबर आहे, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. वाहतूक अडेल इतकं सावकाश चालवू नका असं सांगणाऱ्या कलम २२४०० मध्येच सुरक्षिततेसाठी वेग कमी करण्याची सूट दिलेली आहे. मागच्याला मात्र फक्त मोकळा रस्ता दिसत असतो, त्यामुळे तो चिकटणार. चिकटू द्या. यावर पुढे जास्त लिहिलं आहे, कारण कारपूल लेनमधला खरा धोका तिथे आहे.

## अंतराचं गणित

ताशी ६५ मैल म्हणजे सेकंदाला साधारण ९५ फूट. कॅलिफोर्निया डीएमव्हीचं (लायसन्स देणाऱ्या वाहन खात्याचं) हँडबुक पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर सांगतं. ते या वेगाला जवळपास २८५ फूट होतं, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या १९ सेडान. मोजायचं असं: पुढची गाडी एखाद्या पुलाच्या सावलीवरून किंवा बोर्डाखालून गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं. तुम्ही त्याआधी तिथे पोचलात तर अंतर कमी आहे.

मागच्याचं अंतर मोजायला सोपी खूण आहे. आतल्या आरशात त्याचे हेडलाइट दिसेनासे झाले, तर तो फार जवळ आला आहे. मध्ये दोन गाड्यांइतकी, म्हणजे ३० फूट जागा असेल तर ती एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपते. तेवढ्यात कुणाचाही पाय ब्रेकवर पोचत नाही. तुम्ही जोरात ब्रेक मारलात तर तो तुम्हाला धडकणारच. तो किती चांगला ड्रायव्हर आहे याचा इथे काही संबंध नाही.

यातून एकच गोष्ट निघते: तुम्हाला जोरात ब्रेक मारायची वेळच येता कामा नये. मागचं अंतर तुमच्या हातात नाही, पुढचं आहे. मागच्याने तीन सेकंद खाल्ले असतील तर ते पुढे वाढवा. तीनऐवजी पाच सेकंद ठेवा. मग पुढे लाल दिवे लागले तरी तुम्ही हळूहळू थांबू शकता, आणि तुमच्या मागचाही. गंमत म्हणजे हे अंतर त्या चिकटणाऱ्याच्या जिवासाठीही असतं, पण ते त्याला कधी कळणार नाही.

‘अंतर ठेवलं की शेजारचे घुसतात’ ही तक्रार ऐकायला येते. घुसतात. प्रत्येक घुसणाऱ्यामागे तुम्हाला दोन-तीन सेकंद उशीर होतो, एवढंच.

## पायाचं काम

वेग कमी करायचा तो ॲक्सिलरेटर सोडून, ब्रेक मारून नाही. तोही एकदम नाही. ६५ वरून ६० वर यायला चांगली दहा सेकंद घ्या.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर इथे विशेष लक्ष द्या. एका पेडलवर चालणाऱ्या गाडीत पाय पूर्ण उचलला की गाडी ब्रेक मारल्यासारखी मंदावते. पेट्रोलच्या गाडीच्या सवयीने ‘नुसता पाय तर उचलला’ असं वाटतं, पण मागच्याला ते अचानक थांबणंच असतं. पाय उचलू नका, सैल करा.

अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप सांभाळणारी सोय) असेल तर पुढचं अंतर सगळ्यात लांबच्या खुणेवर ठेवा. मागचा अगदी चिकटलेला असताना मी तो बंदच करतो. शेजारून कुणी समोर कट मारला की गाडी स्वतःहून दचकून ब्रेक लावते. माणसाने तेच काम पाय सैल करून भागवलं असतं.

ब्रेकचे दिवे दाखवण्यासाठी पेडलला नुसता स्पर्श करावा का? पुढे खरंच वाहतूक मंदावते आहे आणि ते मागच्याला कळवायचं आहे, तर जरूर करा, आणि थोडं आधीपासूनच करा. पण त्याला ‘धडा शिकवायला’ ब्रेक मारणं, ज्याला ब्रेक चेक म्हणतात, ते कधीही नाही. एरवी मागून धडकणाऱ्याची चूक धरली जाते, पण विनाकारण ब्रेक मारल्याचं दिसलं तर दोष तुमच्या वाट्यालाही येतो. कॅलिफोर्नियात दोषाची टक्केवारीत वाटणी होते आणि तेवढी भरपाई कमी मिळते. त्याच्या गाडीत डॅशकॅम असू शकतो हेही लक्षात ठेवा. शिवाय तुमच्या मागच्या सीटवर कोण बसलंय?

रात्री हेडलाइटचा त्रास होत असेल तर आतल्या आरशाखालची कळ फिरवा, प्रकाश निम्म्याहून कमी होतो. हा उपाय दिसायला किरकोळ आहे, पण आरशात सतत झगमगाट नसला की डोकं शांत राहतं. दर दोन सेकंदांनी आरशात बघू नका. त्याला तुम्ही बघताय हे कळतं, आणि तेवढा वेळ तुमचं पुढचं लक्ष सुटलेलं असतं.

लेनच्या आत थोडं डावीकडे सरकून चाला. याचे दोन फायदे आहेत. मागच्याला तुमच्या उजवीकडून पुढची रांग दिसते आणि काही जण तेवढ्याने मागे हटतात. दुसरा फायदा मोटरसायकलींना होतो, त्याचं पुढे येतंच आहे.

## उजवीकडे निघायचं कसं

घाई करायची नाही, हा नियम इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. ६५ वरून २५ च्या लेनमध्ये एकदम घुसलात तर दोन वेगांतला फरक सेकंदाला जवळपास ६० फूट असतो. मागच्याला चुकवताना तुम्ही पुढच्याच्या डिकीत जाल.

म्हणून आधी जागा निवडा. ठप्प लेनही सगळीकडे सारखी ठप्प नसते. मोठ्या एक्झिटनंतर तिथून गाड्या कमी होतात आणि पुढची एंट्री येईपर्यंत वेग थोडा वाढतो. रोजच्या रस्त्यावर या जागा तुम्हाला आठवडाभरात पाठ होतात. चिकटणारा आरशात दिसला की ‘आता कुठे’ याऐवजी ‘त्या पुलानंतर’ असं ठरवता येतं.

जागा जवळ आली की इंडिकेटर लावा, आणि लवकर लावा. कायदा वळण्याआधी शेवटचे १०० फूट इंडिकेटर मागतो, पण ६५ च्या वेगाला १०० फूट म्हणजे जेमतेम एक सेकंद. चार-पाच सेकंद आधी लावा. याचा आणखी एक फायदा आहे: मागच्याला कळतं की तुम्ही निघताय, आणि पुष्कळदा तो तेवढ्यावरच दोन गाड्या मागे सरकतो. त्याला हवं ते मिळणार आहे, मग भांडायचं कशाला.

इंडिकेटर चालू ठेवून कारपूल लेनमध्येच वेग उतरवत जा. शेजारच्या लेनपेक्षा तुमचा वेग साधारण दहा मैलांनी जास्त राहिला की जागा घेता येते. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

मग आरसा, आणि मग मान वळवून खांद्यावरून एक नजर. ही नजर इथे विशेष हवी, कारण कॅलिफोर्नियात मोटरसायकलने दोन लेनच्या मधून जाणं कायदेशीर आहे. ते बहुतेक कारपूल लेन आणि तिच्या शेजारच्या लेनच्या मधल्या रेषेवरूनच येतात, म्हणजे नेमकं तुम्हाला जी ओलांडायची आहे तिच्यावरून. मागे चिकटलेल्या पिकअपमुळे मोटरसायकल आरशात दिसतही नाही. त्या वेगात मान वळवायची भीती वाटते हे खरं आहे. पुढचं पाच सेकंदांचं अंतर त्यासाठीच ठेवलेलं असतं.

जागा मिळाली नाही तर सरळ आत राहा. इंडिकेटर बंद करा, पुढची जागा बघा. कुणी चिकटलंय म्हणून बाहेर पडणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

तो पुढे गेल्यावर परत शिरण्याची घाई नको. २५ वरून ६५ च्या रांगेत शिरताना तुम्हीच आता कुणाच्या तरी पुढ्यात येऊन त्याला ब्रेक मारायला लावणार. मोठी फट मिळेपर्यंत थांबा, नाहीतर दोन एक्झिट साध्या लेननेच जा.

अपवाद एकच. मागे सायरन आणि लाल दिवा असेल तर वरचं सगळं विसरा आणि शक्य तितक्या लवकर, सुरक्षितपणे उजवीकडे वाट द्या. पोलिसाची गाडी तुम्हालाच थांबवत असेल तर कारपूल लेनमध्ये असलात तरी सगळ्या लेन ओलांडून उजव्या शोल्डरवरच (रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीवरच) थांबायचं, डावीकडच्या भिंतीला लागून नाही.

## शेजारून अचानक येणारा

चिकटलेल्या गाडीपेक्षा मला उजवीकडची थांबलेली रांग जास्त घाबरवते. त्या रांगेतला कंटाळलेला ड्रायव्हर १५ च्या वेगाने तुमच्यासमोर येतो आणि तुम्ही ६५ वर असता. मागे चिकटलेला नसेल तर तुम्ही ब्रेक मारून निभावून नेता. चिकटलेला असेल तर दोन्हीकडून अडकता.

यावर माझा ठोकताळा असा: शेजारची लेन १०-१५ ने सरपटत असेल तर मी ४५-५० च्या वर जात नाही, मागे कुणीही असो. हा नियम कुठे छापलेला नाही, पण वेगातला फरक कमी असला की पाय ब्रेकवर न्यायला तेवढी जागा जास्त मिळते. उजवीकडच्या गाड्यांच्या पुढच्या चाकांकडे नजर ठेवा. इंडिकेटर न लावणाऱ्याचंही चाक आधी वळतं. दोन गाड्यांमध्ये फट पडलेली दिसली की तिथून कुणीतरी येणार असं धरून चाला. हिवाळ्यातल्या पहिल्या पावसात तर आणखी दहा मैल कमी करा. उन्हाळाभर साचलेलं तेल वर येतं आणि रस्ता निसरडा होतो.

चिकटणारा स्वतःच उजवीकडून ओलांडून तुमच्यासमोर कट मारतो, हेही रोजचंच. तो उजवीकडे गेलेला दिसला की लगेच पाय सैल करा आणि त्याला जागा करून द्या. वेग वाढवून त्याची वाट अडवायची हौस बऱ्याच शहाण्यासुरत्या माणसांना येते. मुलांची शाळा, ईएमआय, सगळं असलेल्या माणसाने यात पडू नये.

## सोबतच्या माणसाला कामाला लावा

कारपूल लेनमध्ये तुम्ही सहसा एकटे नसता, आणि ही सोय कुणी वापरतच नाही. तुम्ही फोन हातात घेणं बेकायदेशीर आहे, शेजारच्याने घेणं नाही. उजवीकडे फट आहे का ते तो सांगू शकतो (पण मान तुम्हीच वळवायची), बोर्ड वाचू शकतो, मागच्या गाडीचा रंग आणि नंबर टिपू शकतो. गाडीतलं वातावरणही तोच सांभाळतो. भारतातून आलेले आई-बाबा मागे बसले असतील तर त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा की कुणी चिकटलं तर मागे वळून बघायचं नाही, हातवारे करायचे नाहीत. ‘अरे, जाऊ दे ना त्याला!’ हे वाक्य ऐन वेळी कानावर पडलं की हात आपोआप स्टिअरिंग फिरवतात.

फोनवर व्हिडिओ काढणं मात्र टाळा. समोरचा चिडलेला असेल तर त्याला कॅमेरा दिसणं हेच निमित्त होतं. त्यापेक्षा मागच्या काचेला डॅशकॅम बसवा. पुढच्या काचेवर बसवायचा असेल तर जागा ठरलेल्या आहेत: उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात सात इंचांचा चौकोन, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा, किंवा वर मध्यभागी पाच इंचांचा. आवाजही रेकॉर्ड होत असेल तर सोबत्यांना तसं सांगावं लागतं.

## तो चिकटण्यावर थांबला नाही तर

बहुतेक चिकटणारे बेसावध असतात किंवा नुसते घाईत असतात. थोडे मात्र खरोखर तुमच्या मागे लागतात: तुम्ही लेन बदलली की तेही बदलतात, शेजारी येऊन ओरडतात, पुढे जाऊन ब्रेक मारतात. इथून पुढे हा प्रश्न गाडी चालवण्याचा राहत नाही.

त्याच्याकडे बघू नका, हात दाखवू नका, माफीचाही नाही. लांबून त्याचा अर्थ काहीही लागतो. सोबत्याला ९११ लावायला सांगा, एकटे असाल तर हँड्स-फ्रीवरून लावा. फ्रीवेवर तो कॉल पुढे कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलकडे जातो. आधी फ्रीवेचा नंबर आणि दिशा सांगा, म्हणजे ‘८८० साउथ’, मग नुकतीच गेलेली एक्झिट, मग गाडीचा रंग, प्रकार, नंबर. कोणत्या लेनमध्ये आहात तेही सांगा. फोन चालू ठेवा.

फ्रीवेवर थांबू नका. तो खुणा करून थांबायला सांगेल, ‘तुझ्या गाडीने घासलंय’ म्हणेल, तरीही नाही. घरी किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊ नका. पोलीस स्टेशन, फायर स्टेशन किंवा माणसांची वर्दळ असलेला पेट्रोल पंप गाठा. दारं लॉक, काचा वर, आणि पोलीस येईपर्यंत गाडीतच बसा.

## आणि धडक बसलीच तर

गाडी चालत असेल तर कारपूल लेनमध्ये उभं राहून नुकसान बघू नका. हॅझर्ड लावा आणि हळूहळू उजव्या शोल्डरवर किंवा पुढच्या एक्झिटवर जा. डावीकडचा शोल्डर बऱ्याच ठिकाणी अगदी अरुंद असतो. तिथे दार उघडणं म्हणजे चालत्या रहदारीत उतरणं. गाडी हललीच नाही तर पट्टा लावून आतच बसा, हॅझर्ड चालू ठेवा आणि ९११ ला सांगा की डाव्या लेनमध्ये अडकलो आहोत. रस्ता पायी ओलांडायचा प्रयत्न करू नका.

सुरक्षित जागी पोचल्यावर लायसन्स, विमा, गाडीचा नंबर यांची देवाणघेवाण करा आणि फोटो काढा. चूक कुणाची यावर रस्त्यात चर्चा नको. ‘सॉरी’ म्हणायची आपली सवय इथे आवरा. डॅशकॅमचं फुटेज त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवा, बरेच कॅमेरे जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. कुणाला दुखापत झाली असेल किंवा कुणाचंही नुकसान १,००० डॉलरच्या वर असेल, तर दहा दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ हा फॉर्म भरून द्यावा लागतो. चूक समोरच्याची असली तरी तो तुम्हालाही भरायचा असतो, आणि विमा कंपनी किंवा पोलिसांनी रिपोर्ट केला म्हणून तो सुटत नाही.

विम्याचंही बघून ठेवा. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात किमान विमा एका माणसाच्या दुखापतीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानासाठी १५,००० असा झाला आहे. मागून धडकणाऱ्याकडे तेवढाच असेल आणि तुमच्या गाडीत चार माणसं असतील, तर हॉस्पिटलच्या बिलापुढे तो कुठल्या कुठे संपतो. म्हणून स्वतःच्या पॉलिसीत अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टचं कव्हर (धडकणाऱ्याकडे विमा नसेल किंवा अपुरा असेल तेव्हा कामी येणारं) किती आहे ते आजच उघडून बघा. नूतनीकरणाच्या वेळी प्रीमियम कमी करायला एजंट अनेकदा तेच आधी काढायला सुचवतो.